काटबोर्न (मॉरिशस), २२ जुलै, मंगळवार

आज २२ तारीख, पुराची, म्हणून उठल्या उठल्या पहिला फोन चिपळूणला. शेजाऱ्यांना म्हणलं पाणी किती, ते म्हणाले काका झोपा की, काही नाही, वाशिष्ठी नदी खालीच आहे, पाऊस आहे पण त्या वर्षीसारखा नाही. माझ्या घड्याळात पावणेआठ वाजले होते आणि इथे सव्वासहा, बाहेर अजून उजेडही नीट नव्हता. मनगटावरचं घड्याळ मी बदललेलंच नाही. मॉरिशस आपल्या दीड तास मागे आहे, तेवढं वजा करायला मला जमतं, आणि चौतीस वर्षं एसटीत घड्याळावर काढलेली असल्यामुळे काटे मागे फिरवायला हातच धजत नाही. लेक हसते. हसू दे.

२०२१ च्या पुराला आज चार वर्षं झाली. त्या रात्री मी रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती तरी डोक्यात डेपोच होता. नंतर कळलं की आमच्या डेपोचे मॅनेजर नि काही कर्मचारी कॅश भिजू नये म्हणून गाडीच्या टपावर तासन्‌तास बसून होते, पेपरातही आलं होतं ते. आमच्या घरी पाणी जिन्याच्या चार पायऱ्या सोडून थांबलं. तेव्हापासून जुलै आला की मला झोप कमी, आणि या जुलैत तर मी समुद्रापलीकडे, काहीही झालं तरी हातात नुसता फोन.

बरं इथला जुलै म्हणजे थंडी! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बेट, समुद्र, नारळ म्हणून मी बॅगेत अर्ध्या बाह्यांचे शर्ट आणि दोन बर्म्युडा भरल्या, नि आता जावईबापूंचा स्वेटर घालून बसलोय. काटबोर्न उंचावर आहे, त्यात आग्नेयेकडून वारा जो लागतो तो थांबतच नाही, मधूनच भुरभुर पाऊस, पाच मिनिटं, मग ऊन, मग परत भुरभुर. माझी मुख्य ड्युटी सध्या दोरीवरचे लंगोट. बाहेर घालायचे, भुरभुर आली की आत आणायचे, गेली की परत बाहेर. आज सकाळपासून सात फेऱ्या झाल्या, लॉगशीट भरली असती तर ओव्हरटाइम निघाला असता.

काटबोर्न म्हणजे लिहितात ते ‘क्वात्रे बोर्नेस’, पाटीवर तसंच वाचून पहिल्या आठवड्यात मी एका ड्रायव्हरला विचारलं तर त्याला कळेचना. फ्रेंच स्पेलिंग आहे सगळं, अर्धी अक्षरं नुसती शोभेला. क्युरपिप, बोबासें, फ्लिकाफ्लाक. आता जमतं. पाटी वाचून गाव ओळखणं हा शेवटी माझा धंदाच होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आलो लेकीच्या बाळंतपणाला. मुंबईहून सरळ विमान, साडेसहा तासांच्या आत. एप्रिलात नात झाली. हिला, म्हणजे बायकोला, पहिल्या दिवसापासून काम, बाळाची मालिश, न्हाऊ घालणं, लेकीला शेक, अळीव, डिंकाचे लाडू (डिंक चिपळूणहून आणलाय, विमानतळावर पिशवी उघडून बघितली त्यांनी), ती या घरात चार दिवसांत मुख्य झाली आणि मी कुठे बसलो तरी कुणाच्या तरी वाटेत. बाबा जरा सरका, बाबा आवाज कमी करा, ती आत्ता झोपलीये. तक्रार नाही करत. पण बाळंतिणीच्या घरात म्हातारा माणूस म्हणजे फलाटावर बंद पडलेली गाडी, ढकलायची कुठे हाच प्रश्न. जावई सकाळी एबेनला ऑफिसात जातात, आयटीवाले, ते संध्याकाळी दमून येतात, त्यांच्याशी तरी काय बोलणार मी, हवामान आणि क्रिकेट झालं की दोघेही टीव्हीकडे बघतो.

म्हणून मी बाजार मागून घेतला. बुधवारी नि शनिवारी इथे भाजीचा बाजार भरतो, गुरुवार रविवार कपड्यांचा. भाजीबाजारात मला परदेश वाटतच नाही. दुधी, दोडका, कारली, लाल भोपळा, शेवग्याचा पाला सुद्धा, फक्त नावं शिकायची. भेंडीला लालो. दोडक्याला पिपंगाय, शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरुम, कोथिंबिरीला कोतोमिली, कढीपत्त्याला कारीपुले. यातली निम्मी तमिळ आहेत हे तर ऐकूनच कळतं, माणसांबरोबर भाज्यांची नावंही जहाजातून आली आणि फ्रेंचात मिसळली. नीरफणस मिळाला त्या दिवशी मी दोन आणले, हिने काप करून तळले, तिखट मीठ तांदळाचं पीठ लावून, जावयांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले म्हणे. सोलापूरचे आहेत, त्यांचा दोष नाही. येताना धोल पुरी घेतो. हरभऱ्याची डाळ भरलेली पातळ पोळी, गूळ नसलेली पुरणपोळीच समजा, त्यावर मोठ्या वालासारख्या दाण्यांची आमटी नि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून, दोनची जोडी. एक मागितली तर विकणारा वेड्यासारखं बघतो.

इथला एक रुपया म्हणजे आपले जवळजवळ दोन, त्यामुळे हिशोब मनात डबल होत राहतो आणि टोमॅटो घेताना छातीत धस्स होतं. लेकीला बोललो नाही.

बाजारापेक्षा माझा जीव रमतो बसस्टँडवर. आता इथे मेट्रो आहे, पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत, चकाचक, आपल्या एल अँड टीने बांधलेली, दोनदा गेलो, छान आहे, आवाज नाही काही नाही, म्हणून मजा नाही. बस मात्र आपल्या! पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि मागून गाडी चढावर गिअर टाकत आली, मान न वळवता मी म्हणलं लेलँड. वळून बघितलं तर समोर अशोक लेलँडच. हिला सांगितलं तर म्हणाली बरं. कुणाला सांगणार हे? आणि अजून हातात पैसे घेऊन तिकीट देणारा कंडक्टर आहे. इथल्या साठीपुढच्या लोकांना बस पूर्ण फुकट, कार्ड दाखवायचं फक्त. आपल्याकडे पंच्याहत्तरीला फुकट झालीये, मी एकाहत्तरचा, म्हणजे तिथे अर्धं आणि इथे परका म्हणून पूर्ण. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं तपासली, आता परदेशात पूर्ण तिकीट काढून खिडकीशी बसतो. एकदा कंडक्टर म्हणाला, पेना प्रॉब्लेम तोंतों, राहू द्या, मी नाही म्हणलं, तिकीट फाड आधी. विनातिकीट प्रवास माझ्याच्याने व्हायचा नाही. तोंतों म्हणजे काका, सगळे म्हातारे इथे तोंतों.

रविवारी फ्लिकाफ्लाकला गेलो होतो सगळे, बाळाला पहिल्यांदा समुद्र दाखवला. सुरूची झाडं, गुहागरसारखीच, त्याखाली लोक डेगभर बिर्याणी घेऊन दिवसभर बसलेले. पण समुद्र काय तो, लाटा लांब तिकडे प्रवाळाच्या कडेला फुटतात, पांढरी रेघ दिसते नुसती, इकडे काठाला पाणी हौदासारखं. भरती ओहोटी नावाला, जेमतेम दीडदोन फुटांची. आणि वास नाही! सुकट नाही, जाळी नाही, किनाऱ्याला मासळीचा वास नाही म्हणजे मला तो समुद्रच वाटेना. हिला मात्र फार आवडला, पाय बुडवून तासभर बसली, गुडघा दुखत नाही म्हणाली दिवसभर.

पण आज जे लिहायला बसलो ते वेगळंच आहे.

स्टँडवर एक म्हातारे भेटतात, ७८ वर्षांचे, टोपी घालतात, हातात छत्री. दोनेक महिने आम्ही नुसतं ‘की मान्येर’, ‘कोरेक’ (कसं काय, ठीक) एवढंच बोलायचो. मग एकदा मी फोनवर बहिणीशी बोलताना त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, मराठी? आणि पुढे एकदम सुखकर्ता दुःखहर्ता म्हणायला लागले, पूर्ण, भर स्टँडवर, उच्चार थोडे वेगळे पण एक शब्द चुकला नाही. मराठी बोलता मात्र येत नाही. इथली क्रेओल बोली बोलतात, माझ्याशी सिनेमातली हिंदी. नात शाळेत मराठी शिकली, ती वाचू शकते म्हणे. आडनाव सांगितलं ते मला तीनदा ऐकून कळलं नाही, मग त्यांनी कार्डावर दाखवलं, फ्रेंच स्पेलिंगच्या आत आपलं साधं जाधव-पवारांसारखं नाव लपलेलं. तेव्हापासून मंगळवारी नि शुक्रवारी आमची बैठक. बजेटमध्ये इथलं म्हातारपणाचं पेन्शन साठऐवजी टप्प्याटप्प्याने पासष्टला न्यायचं ठरलंय त्यावर ते रागावतात, त्यांना स्वतःला मिळतं तरी मुलासाठी रागावतात. मी माझी पीएफवाल्यांची ईपीएस-९५ ची पेन्शन सांगितली. आकडा इथे लिहीत नाही. ऐकून त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली, पाऊस नव्हता तरी.

मागच्या मंगळवारी त्यांनी एक कागदाची कॉपी आणली. मोकाला महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे तिथे त्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, जुन्या नोंदी ठेवल्यात, नातवाने तिथून पणजोबाची काढून आणलेली. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मी बघून आलोय, त्या सोळा पायऱ्या, बोटीतून उतरून लोक तिथून वर आले; गिरमिटिये बेटावर यायला लागले १८३४ पासून. मी त्या दिवशी गुडघ्याच्या नादात पायऱ्या मोजल्या तेवढंच, खरं सांगायचं तर. पण हा कागद हातात घेतल्यावर मला एकदम कसंसं झालं. जिल्हा रत्नागिरी, स्पेलिंग भलतंच पण रत्नागिरीच. आणि गावाचं नाव ‘धामण’ असं काहीतरी, पुढे शाईचा डाग.

म्हणाले, आप बस में काम करता था ना, गाँव मालूम होगा.

आता आली का पंचाईत. धामणवणे, आमच्या चिपळूणचं. धामणसे, रत्नागिरीकडचं. धामणी, संगमेश्वरात. धामणंद आणि धामणदेवी खेडला. धामापूर म्हणावं तर तेही दोन, त्यातलं एक मालवणात, आणि त्या काळी मालवणसुद्धा रत्नागिरीतच, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. मी म्हणलं आठवडा द्या. आठवडाभर मी रात्री डोळे मिटून एकेक रूट चाललोय, स्टॉपसकट, कुठली धामण राहिली का बघायला. झोप नाहीतरी येत नव्हतीच. लेकीने नकाशा काढून दिला फोनवर, त्यात वाड्या नाहीत सगळ्या. नकाशावाल्यांना काय माहीत कुठल्या फाट्यावर माणसं हात करतात ते.

आज यादी घेऊन गेलो. लिहिलेली होती पण ते म्हणाले वाचू नका, बोला, गाडीत बोलता तसं. मी इकडेतिकडे बघितलं, स्टँडवर चारपाच बायका, शाळेची दोन पोरं. म्हणलं जाऊ दे, कोण ओळखतंय. आणि कंट्रोल केबिनमधला आवाज लावला, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, धामणवणे, धामणसे, धामणंद, फलाट क्रमांक तीन. पोरं हसली. ते हसले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते, नि मग म्हणाले पहिलं वालं फिर से. मी परत म्हणलं, धामणवणे. म्हणाले ये अच्छा है, ये ही होगा. आता असं आवडीवर गाव ठरत नाही हो, मी म्हणलं पुरावा पाहिजे, शाळेत देवळात विचारतो गेल्यावर, वीस ऑगस्टचं तिकीट आहे, गणपतीला घरी पाहिजेच. ते म्हणाले इथेही गणपती असतो, सुट्टी असते, थांबा. ते मला माहितीये, पण माझ्या घरचा गणपती कोण बसवणार.

मग विचारतात, तिथे जायला दिवसात किती बस? मी म्हणलं ते जवळ आहे, गाड्या असतात, पण खरी लांबची आडगावं असतात ना त्यांना वस्तीची गाडी. त्यांना कळेना. हिंदीत वस्ती म्हणजे काहीतरी भलतंच होतं. समजावलं की संध्याकाळी डेपोतून शेवटची गाडी निघते, गावात जाऊन रात्रभर तिथेच झोपते, सकाळी पहिल्यांदा तीच माणसं घेऊन परत येते. ड्रायव्हर कुठे झोपतो? म्हणलं देवळात, नाहीतर गाडीतच, गावकरी भाकरी आणून देतात. आणि सकाळी नक्की येते परत? म्हणलं माझ्या काळात तरी यायची, न येऊन सांगते कुणाला, मी उभा असायचो वही घेऊन.

तेवढ्यात त्यांची बोबासेंची गाडी आली. त्यांनी जाऊ दिली.