तुम्ही विचारलंत म्हणून: साइट आहे, मग गूगलवर का नाही?

हा प्रश्न बहुतेक वेळा फोनवरच येतो. ‘साइट सुरू करून दोन महिने झाले. गूगलवर शोधलं तर कुठं पत्ताच नाही. पहिल्या पानावर आणायला काय करावं लागेल?’ वेबसाइट बांधणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे लोक मला विचारतात ते बरोबरच आहे. पण मी आधी उलट प्रश्न करते: गूगलनं तुमचं पान वाचलंय का? यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. पहिल्या पानाची काळजी सगळ्यांना असते. आपलं पान मुळात मोजणीत धरलं गेलंय का, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

साइट चढवली की ती आपोआप गूगलमध्ये जाते, अशी एक समजूत आहे. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे फायली ठेवायला भाड्यानं घेतलेली जागा. या दोन गोष्टी झाल्या की ज्याला पत्ता माहीत आहे त्याला साइट उघडते, एवढंच. शोधयंत्राला तो पत्ता कुठून तरी कळावा लागतो, आणि कळण्याचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे लिंक. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एक पान उघडतो, त्यातल्या लिंका टिपून घेतो, मग त्या पानांवर जातो, तिथल्या लिंका टिपतो, आणि असा पुढे पुढे जात राहतो. ज्या पानाकडे एकही लिंक जात नाही ते त्याच्या वाटेत येतच नाही. अशी पोरकी पानं चांगल्या चांगल्या साइटवर सापडतात. एखादं पान फक्त फॉर्म भरल्यावर उघडतं. माणूस फॉर्म भरतो, क्रॉलर सहसा भरत नाही. यावर उपाय म्हणून साइटमॅप असतो, म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी. गूगलनं ही पद्धत २००५ साली आणली आणि पुढच्या वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टनंही ती स्वीकारली. एका फायलीत ५०,००० पत्ते देता येतात. यादीत नाव घातलं म्हणजे पान घेतलंच जाईल असं मात्र नाही. यादी ही विनंती असते.

आता मला आजही टोचणारी एक चूक सांगते. साइट बांधून होईपर्यंत अर्धवट पानं शोधात दिसू नयेत म्हणून पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’ अशी एक सूचना ठेवतात. एका छोट्या संस्थेची साइट मी नव्यानं बांधली, जुनी उतरवली, नवी चढवली, आणि ती सूचना काढायची राहून गेली. पानं झटपट उघडत होती, देखणी दिसत होती, सगळे खूश होते. पाच आठवड्यांनी फोन आला की नव्या माणसांच्या चौकशाच येईनाशा झाल्यात. तोवर एकेक पान शोधातून गळून गेलं होतं. चूक दुरुस्त करायला एक ओळ पुसावी लागली. पण पानं परत यायला वेळ लागला, आणि मधल्या काळात ज्यांना त्या संस्थेची गरज होती ते दुसरीकडे गेले. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे.

याच्याच शेजारी आणखी एक गुंता आहे, आणि तो जाणत्यांनाही फसवतो. रोबोट्स डॉट टेक्स्ट ही फाइल क्रॉलरला कुठं जाऊ नये ते सांगते. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ साली सुचवलेली ही पद्धत अजून चालू आहे. पुष्कळांना वाटतं, तिथं अडवलं की पान शोधातून गेलं. पण ती दारावरची ‘आत येऊ नये’ अशी पाटी आहे. दुसऱ्या कुणी त्या पानाची लिंक दिली असेल तर आत न शिरताही पत्ता कळतो, आणि नुसता पत्ता शोधात दिसू शकतो. त्यात तुम्ही पानावर नोइंडेक्स लिहिलंत आणि वरून रोबोट्समध्येही अडवलंत, तर क्रॉलर आत येणार नाही आणि आतली सूचना वाचणारही नाही. पान शोधातून खरंच काढायचं असेल तर क्रॉलरला आधी आत येऊ द्यावं लागतं.

वाचलेलं पान इंडेक्समध्ये जातं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशीच ही अवाढव्य सूची. आपण शोध घेतो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नसतं, आपली सूची चाळत असतं. म्हणून तुम्ही सकाळी केलेला बदल संध्याकाळी दिसला नाही तर घाबरू नका. क्रॉलर पुन्हा फिरकेपर्यंत सूचीत जुनंच असणार. एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर असेल तर शोधयंत्र त्यातला एक मुख्य धरतं. कोणता धरावा हे सुचवायला २००९ पासून कॅनॉनिकल नावाची खूण आहे.

पान वाचणं आणि ते सूचीत घेणं या दोन पायऱ्या झाल्या, आणि मग तिसरी पायरी, क्रम लावण्याची. लोकांचा सगळा जीव इथं अडकलेला असतो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी पेजरँकची कल्पना मांडली. १९९८ साली त्यांचा निबंध आला आणि त्याच वर्षी गूगल कंपनी निघाली. एका पानानं दुसऱ्याची लिंक देणं म्हणजे साक्ष देणं, आणि ज्याच्या बाजूनं पुष्कळांनी साक्ष दिली आहे त्याच्या स्वतःच्या साक्षीला जास्त वजन, अशी ती कल्पना. मला ती आजही सुंदर वाटते. पण साक्षीला किंमत आली की विकाऊ साक्षीदारही येतात. लिंका विकत घेणं, एकमेकांना लिंका देणाऱ्या पोकळ साइट उभारणं, असा धंदाच सुरू झाला. २०१२ साली गूगलनं क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणून अशा साइट खाली ढकलल्या. शब्दांचंही तेच झालं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहायचे. कीवर्डसाठी, म्हणजे शोधायच्या शब्दांसाठी, पानाच्या कोडमध्ये असलेली न दिसणारी नोंद, म्हणजे मेटा टॅग, इतका बदनाम झाला की क्रम लावताना आपण तो पाहतच नाही, असं गूगलनं २००९ साली जाहीर करून टाकलं. तरी तो टॅग भरून देण्याचे पैसे घेणारी माणसं मी त्यानंतरही कितीतरी वर्षं पाहिली, आणि दर वेळी मला राग आला. ज्याला यातलं कळत नाही त्याला असं फसवू नये.

मग करायचं काय? शब्दांपासून सुरुवात करा, पण शोधणाऱ्याच्या शब्दांपासून. समजा तुम्ही सायकली दुरुस्त करता. पानाचं शीर्षक तुम्ही देता ‘आमच्या सेवा’ आणि आत लिहिता ‘ट्रान्समिशन प्रणालीची देखभाल’. रस्त्यात खोळंबलेला माणूस मात्र शोधतो ‘सायकलची चेन सारखी पडते’. त्याच्या आणि तुमच्या भाषेत एकही शब्द समान नाही. आजची शोधयंत्रं समानार्थ बऱ्यापैकी ओळखतात, पण ओळखायला पानावर काही असावं लागतं. चेन का पडते, ती सैल झालीय की डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, वाकलाय हे कसं बघायचं, घरी काय करता येईल आणि कधी मेकॅनिककडे न्यावी, हे सगळं त्या पानावर हवं. शोधात साइट दिसत नसते, तिचं एखादं पान दिसत असतं. म्हणून एका पानावर दहा विषय कोंबण्यापेक्षा एका प्रश्नाला एक भरीव पान द्यावं. पानाचा टायटल टॅग, म्हणजे शोधाच्या निकालात दिसणारं शीर्षक, त्या प्रश्नाशी जुळता असावा. त्याखालचं दोन ओळींचं वर्णन क्रम वाढवत नाही, पण वाचणारा त्यावरूनच क्लिक करायचं की नाही ते ठरवतो.

बाकीचं थोडक्यात सांगते. गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्ती वाचतं, तेव्हा मोबाइलच्या आवृत्तीतून वगळलेला मजकूर गेला असं समजा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ हा कायमचा रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना, लावा, नाहीतर वर्षांनुवर्षं मिळालेल्या लिंका रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतात.

जाहिरातीला पैसे दिले तर जाहिरात दिसते. खालच्या नैसर्गिक निकालांत त्यानं तुमचा क्रम बदलत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. हमी देणाऱ्याशी बोलणं तिथंच थांबवा.

मला फोन करण्यापूर्वी सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात साइट जोडा. ते फुकट आहे. त्यात पानांचा एक अहवाल असतो आणि इंडेक्स न झालेल्या पानांसमोर कारण दिलेलं असतं. त्यातली दोन कारणं नीट वेगळी करून वाचा. ‘पत्ता कळलाय, अजून इंडेक्स नाही’ असं असेल तर क्रॉलर त्या पानापर्यंत पोचलेला नाही. तुमच्याच साइटवरच्या ठळक पानांवरून त्याला लिंक द्या आणि वाट पाहा. ‘वाचलंय, पण इंडेक्स केलेलं नाही’ असं असेल, तर तो येऊन, वाचून गेला आहे. मग ते पान स्वतः उघडा, शोधणाऱ्याच्या जागी बसून वाचा, आणि त्याला जे हवं होतं ते त्यात मिळालं का ते मला फोनवर सांगा. आपण तिथून पुढे बोलू.