एवढा वेळ विमानाभोवती काय शोधता?

लग्नामुंजीत माझी ओळख 'ही विमान चालवते' अशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "ताई, त्या छोट्या विमानाची भीती नाही वाटत? नेहमी कोसळूनच राहिले ना ते!" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. वाटते. पण वर गेल्यावर नाही. खाली, उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारताना.

नागपुरात शिकत होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, सकाळचे आठ, आणि पंखाचा पत्रा चटके द्यायला लागलेला. आमचं सेस्ना १५२ म्हणजे शिकाऊंचं दोन आसनी विमान; त्याचे पंख डोक्यावर, टाकीचं झाकणही वरच. स्टुलावर चढले, डावं झाकण उघडलं, काठी बुडवून इंधन मोजलं. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. उतरले, दोन मिनिटं बोलले आणि पुढची तपासणी थेट उजव्या पंखापासून सुरू केली. इंजिन चालू करणार, तर हेल्परदादा हात हलवत धावत आले. "मॅडम, झाकण वरच राहून गेलं!"

उडताना पंखावर हवेचा दाब कमी होतो. उघड्या तोंडातून इंधन वर ओढलं जातं आणि मागच्या मागे उडून जातं. उमरेडच्या शेतांवर इंजिन गप्प झालं असतं, तर बातमीत 'तांत्रिक बिघाड' छापून आलं असतं. तेव्हापासून मध्ये कोणी बोललं की मी फेरी पहिल्यापासून सुरू करते. लोक वैतागतात.

नवशिक्यांचंच असं होतं असं नाही. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचं नवं बॉम्बर उडताच कोसळलं. उभ्या विमानाचे शेपटीवरचे भाग वाऱ्यात हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं. चालवणारा मुरलेला चाचणी वैमानिक. लेखी चेकलिस्टची पद्धत रुजली ती त्यानंतर. तरी २०१४ मध्ये अमेरिकेतच बेडफर्डला एक खासगी जेट तसंच लॉक न काढता धावलं, सात जण गेले. त्या वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोल पूर्ण फिरवून पाहिलेच नव्हते. फिरवले असते तर लॉक तिथंच कळलं असतं.

पावसाळ्यात मला धास्ती पाण्याची. आमचं इंधन निळसर, पाणी त्याच्या तळाशी बसतं. म्हणून टाकीच्या तळातून पेल्यात नमुना काढायचा. त्यात दोन थर दिसले तर कळतं. पण पेलाभर नुसतं पाणीच आलं, तर ते इतकं स्वच्छ दिसतं की बघणारा खूश! म्हणून पांढऱ्या कागदासमोर धरून निळा रंग बघायचा.

आणि कुंभारीण माशी. वेग मोजणाऱ्या नळीचं कव्हर लावायचं राहिलं, तर ती आत मातीचं घर बांधते आणि वेगाचा काटा खोटं बोलतो. आमच्या कुलपाच्या भोकातही तिनं घर केलंय. तिथं फक्त किल्ली अडते.