सायकलला जीपीएस कुठला घेऊ?

"गार्मिन घेऊ, वाहू घेऊ की ब्रायटन?" राईड संपली की कुणीतरी माझ्या हँडलवरच्या जीपीएस सायकल कॉम्प्युटरकडे बघत, या कंपन्यांची नावं घेत विचारतंच. मी लगेच नाव सांगत नाही, त्यामुळे काहींना वाटतं हिला सांगायचंच नाहीये. पण मला आधी कळायला हवं असतं की तुमच्या राईडमधला सगळ्यात वाईट तास कसा असतो.

तो तास ओळखीच्या रस्त्यावर, उजेडात जात असेल तर काहीच घेऊ नका. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि खिशात टाका. फोन हँडलवर लावायचा मोह मात्र आवरा. उन्हात दिसावं म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवावा लागतो, मग फोन तापतो, तापला की स्वतःच उजेड कमी करतो, आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. बऱ्याच सायकल कॉम्प्युटरची स्क्रीन उलट ऊन परावर्तित करून जास्तच स्पष्ट दिसते. रंग फोनपुढे फिके असतात, म्हणून दुकानातल्या दिव्याखाली ती कुणालाच आवडत नाही.

माझा वाईट तास ४०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राईड) आला. २७ तासांची मुदत, रात्रीचे दोन वाजलेले, आणि पाऊस. माझं तेव्हाचं डिव्हाइस टचस्क्रीनचं होतं. थेंब पडत होते आणि पानं आपोआप उलटत होती: नकाशा, हार्ट रेट, चढ, परत हार्ट रेट. मी ओल्या हातमोज्यानं दाबत होते त्याची त्याला दादच नव्हती, थेंबांचं मात्र सगळं ऐकत होतं. शेवटी एका छपराखाली थांबले, हातमोजा दातांनी ओढून काढला, स्क्रीन जर्सीच्या आतल्या बाजूला पुसली, तेव्हा कुठे वळण दिसलं. ते मागे राहिलं होतं. (स्क्रीन लॉक करायची सोय होती, हे घरी आल्यावर सापडलं.) तेव्हापासून मी बटणवाली.

बॅटरीच्या बाबतीत छापलेल्या तासांवर जाऊ नका. बॅकलाइट, नकाशा, सेन्सर सगळं चालू असलं की आकडा खाली येतो, थंडीत आणखी. मी सरळ एक तृतीयांश वजा करून हिशोब करते. ६०० किलोमीटरच्या बीआरएमला ४० तास मिळतात, म्हणजे पॉवर बँक आलीच. तेव्हा चालू असताना चार्ज होतं का आणि केबल कुठे लागते ते बघा. सॉकेट खालच्या बाजूला असेल तर काही माऊंटवर (डिव्हाइस हँडलला अडकवायचा भाग) केबल बसतच नाही, आणि भर पावसात त्याचं रबरी झाकण उघडं ठेवावं लागतं.

अचूकतेबद्दल लोक फार विचारतात. नव्या महाग मॉडेलांत उपग्रहाच्या सिग्नलच्या दोन फ्रिक्वेन्सी पकडता येतात, एल१ आणि एल५. उंच इमारतींवर किंवा कड्यांवर आपटून येणारा सिग्नल एल५ मुळे वेगळा ओळखता येतो, त्यामुळे नकाशावर तुमच्या राईडची रेघ रस्त्यावर राहते. मोकळ्या रस्त्यावर फरक जाणवत नाही. दाट झाडीखाली वेग उगाच वरखाली होत असेल तर हबवरचा (चाकाच्या मध्यावरचा) स्पीड सेन्सर स्वस्तात काम करतो: ७०० बाय २५ चं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं, तो फेऱ्या मोजतो.

चढाईचा आकडा मात्र कुणाशी पैजेवर लावू नका. बरीच डिव्हाइसं उंची हवेच्या दाबावरून काढतात. समुद्रसपाटीजवळ दाबातला १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ८ मीटर उंची. वादळ येताना दाब ५ ने उतरला की तुम्ही बाकावर बसल्या बसल्या ४० मीटर चढता. दाब मोजायचं बारीक छिद्र घामानं बुजलं तर आख्खा घाट सपाट होतो. माझा एकदा झालाय, आणि पायांना ते अजिबात पटलं नव्हतं.

अनोळखी रस्ते असतील तर पैसे नकाशावर घाला. साध्या डिव्हाइसवर नुसती रेघ दिसते. वळण चुकलं की ते सांगतं, पण बाजूचा रस्ता पुढे कुठे मिळतो हे कळत नाही. शिवाय रूटची जीपीएक्स फाईल कित्येकदा नुसती बिंदूंची माळ असते, वळणाच्या सूचना त्यात नसतात. त्या डिव्हाइसनं नकाशावरून स्वतः काढायच्या. त्याच रस्त्यानं परत यायचा रूट एकदा घराजवळ चालवून बघा. काही डिव्हाइसं मधेच गोंधळून शेवटाकडे नेतात.

माझ्या आताच्या डिव्हाइसमधल्या अर्ध्या सोयी मी उघडूनही बघितलेल्या नाहीत. बटणं हातमोज्यातून दाबली जातात, बॅटरी पुरते. खड्ड्यात माऊंटचा कान तुटून आधीचं नाल्यात गेलं, म्हणून याला पहिल्या दिवसापासून दोरी बांधली आहे.