शेवटचे काका

हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढून देणं हे आमचं काम. बिल तयार झालं की सभासदांना एसएमएस जातो. तो पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतला छोटा प्रोग्रॅम, माझी.

एका सकाळी कोथरूडच्या सेक्रेटरींचा फोन. "अहो मॅडम, आमच्या एका काकांना तीन महिने मेसेजच नाही. आता थकबाकीवर 21 टक्क्यांनी व्याज लागलंय, तर इथे येऊन बसलेत माझ्यासमोर." जाता जाता आणखी एक, त्यांच्या मते वेगळी तक्रार: एका काकूंना तोच मेसेज दोनदा येतो.

काकांचा नंबर तपासला, बरोबर होता. एसएमएसवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. मग यादी उघडली. आडनावांप्रमाणे, पण इंग्रजी क्रमाने लावलेली. काका झेडवाले, म्हणून सगळ्यांत खाली. आणि त्यांच्या बरोब्बर वर त्या वायवाल्या काकू!

प्रत्येक सभासद म्हणजे एक ॲरे (माहितीची यादी), त्याच्या पोटात नंबरांचा आणखी एक ॲरे. पहिल्या फोरईचमध्ये, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला पाळीपाळीने घेणाऱ्या लूपमध्ये, मी नंबरांपुढचं शून्य काढून 91 लावत होते. बदल मूळ यादीतच व्हावा म्हणून त्या-त्या सभासदाला धरणाऱ्या व्हेरिएबलला अँपरसँड (& हे चिन्ह) लावलेला; त्याने व्हेरिएबल प्रतीला नाही, मूळ नोंदीलाच जोडलं जातं. दुसऱ्या फोरईचमध्ये मेसेज जायचे. व्हेरिएबलचं नाव तेच, अँपरसँड नाही. दोन्हींच्या मध्ये यादी छापून दाखवणारं प्रिंट-आर टाकून पाहिलं, तर काका जागच्या जागी. जास्त तपशील दाखवणारं व्हार-डंप टाकलं तेव्हा शेवटच्या नोंदीपुढे इवलासा अँपरसँड दिसला.

लूप संपलं तरी व्हेरिएबल काकांना चिकटूनच होतं. दुसरं लूप त्यात पहिला सभासद भरतं, की तो जाऊन बसतो काकांच्या जागेवर. मग दुसरा, मग तिसरा. असं करत काकू तिथे बसतात, आणि काकांची पाळी येते तेव्हा समोर काकूच! चाचणीच्या यादीत मी एकच सभासद ठेवला होता, तिथे हे दिसणार कसं? पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये चक्क इशारा दिलाय. वाचतं कोण!

पहिल्या लूपनंतर, व्हेरिएबलची ती चिकटलेली गाठ सोडवणारी, अनसेटची एक ओळ घातली. मग धाकधूक करत बाकीच्या सोसायट्यांचे लॉग, म्हणजे पाठवलेल्या मेसेजच्या नोंदी, काढले. प्रत्येक यादीतला शेवटचा माणूस कोरडा. कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

काकांना मेसेज त्याच संध्याकाळी गेला. व्याज माफ करायला मात्र कमिटीचा ठराव लागला.