उन्हाळ्यातला स्लॅब आणि कोवळ्या काँक्रीटच्या भेगा

पुण्याजवळच्या मोशीतल्या एका इमारतीचा स्लॅब एप्रिलमध्ये सकाळी भरायला घेतला होता. दुपारी मुकादमाचा फोन आला, ‘साहेब, भेगा पडल्यात. मालच खराब आलाय बहुतेक.’

मालाला दोष देण्याआधी भेगा कशा पडल्यात ते बघावं. सळईच्या रेषेत असतील, तर काँक्रीट खाली बसताना सळईवर अडकून फाटलेलं असतं. इथल्या भेगा तिरप्या होत्या, एकमेकींना साधारण समांतर, दोन-अडीच फुटांवर, आणि कडेला न पोचता मध्येच संपलेल्या. हे प्लास्टिक श्रिंकेज, म्हणजे काँक्रीट सेट (घट्ट) होण्याआधीच वरून आकसणं.

ओल्या काँक्रीटमधलं पाणी हळूहळू वर येतं. ते वर येतं त्याहून वेगाने उडून गेलं की वरचा थर आकसतो. खालचा थर त्याला आकसू देत नाही आणि कोवळ्या काँक्रीटला तो ताण सोसत नाही. तासाला चौरस मीटरमागे १ किलो पाणी उडू लागलं की धोका धरतात. २०० चौरस मीटरच्या स्लॅबवरून म्हणजे तासाला २०० लिटर! पुण्यात एप्रिलचं ऊन सगळे मोजतात, पण घात करतो तो कोरडा वारा, आणि वरच्या मजल्यावर त्याला आडोसाच नसतो. त्यात मालात फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) असल्याने वर येणारं पाणी कमी, आणि रिटार्डर या रसायनामुळे सेटिंग लांबलेलं.

शेवटी भरलेल्या बाजूला अंगठ्याचा ठसा अजून उमटत होता. तिथे गुरमाळ्याने (घोटायच्या थापीने) जोर देऊन पुन्हा घोटलं, भेगा मिटल्या. नुसतं वरून लिंपून चालत नाही, भेग खालपर्यंत दाबली गेली पाहिजे. लगेच प्लास्टिक अंथरून कडांवर विटा ठेवल्या.

दुसरी बाजू सेट झाली होती. तिथे गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरायला निघाले होते, ते थांबवलं. त्याने भेग झाकली जाते, भरत नाही, आणि तो पापुद्रा पुढे सुटतो. त्या भेगा क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) संपल्यावर, सुकल्यावर, साफ करून पातळ इपॉक्सी गोंदाने भरायच्या ठरल्या.

दुसऱ्या दिवशी आळी (छोटे बांध घालून वाफे) करून पाणी साठवणं आवश्यकच; उन्हाळ्यात आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे किमान १० दिवस. पण या भेगा पहिल्या काही तासांतच पडतात, तिथे ते पाणी उशिरा पोचतं. पुढे महिनोन्‌महिने सुकताना होणारं आकसणं वेगळं. त्यासाठी याच कोडमध्ये ०.०००३ हा आकडा दिलाय, म्हणजे १० मीटरला ३ मिलिमीटर. ते ताडपत्रीने थांबत नाही; त्याला पुरेशी सळई आणि योग्य जागी सांधे लागतात.

त्याच इमारतीचा पुढचा स्लॅब संध्याकाळी ऊन उतरल्यावर घेतला. आधी सेंट्रिंग (स्लॅबचा साचा) आणि सळया पाणी मारून गार केल्या, साचलेलं पाणी काढलं. वाऱ्याच्या बाजूला हिरवी जाळी बांधली. जेवढा पट्टा लेव्हल होईल तेवढा लगोलग झाकला, आणि घोटताना उघडा पडला की फवारणी पंपाने बारीक तुषार मारले. पाइपाची धार अजिबात मारू दिली नाही, धारेने वरचं सिमेंट धुऊन जातं.