मंजूर झालेला लेख आणि लाइव्ह झालेला लेख

आमची संस्था सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आहे. तिच्या वेबसाइटसाठी बाहेरून लिंक्स मिळवायचं, म्हणजे गूगलवर साइट वर दिसावी म्हणून इतर साइट्सवर तिची लिंक आणायचं काम माझ्याकडे होतं. चार लिंक्स सहज मिळाल्या. पाचवीने सात आठवडे खाल्ले.

ती होती एका अर्थविषयक पोर्टलवर पैसे देऊन छापायच्या लेखातली. सेबीच्या 5 एप्रिल 2023 च्या परिपत्रकाने आलेली जाहिरात संहिता 1 मे 2023 पासून लागू आहे, आणि पैसे देऊन छापलेला लेख म्हणजे जाहिरातच. त्यासाठी पूर्वमंजुरी घेतली. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक टाकले, जोखमीचं ठरलेलं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. 'सर्वोत्तम', 'नंबर वन', 'आघाडीचे' हे शब्द चालत नाहीत, ग्राहकांचे अभिप्रायही नाहीत. मंजुरी आली, लेख पाठवला.

लाइव्ह झाल्यावर पाहिलं तर शीर्षकच वेगळं. मंजूर होतं 'पीएफवरचं व्याज करपात्र कधी होतं?' आणि पानावर होतं 'पुण्यातल्या आघाडीच्या सल्लागारांकडून जाणून घ्या पीएफवरचा कर'. त्या एका शब्दाने मंजुरीला काही अर्थ उरला नाही, कारण मंजुरी असते ती त्याच मजकुराला. जोखमीचं वाक्य अर्ध्यावर कापलेलं. अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर क्लिक केलं की लिंक उघडते ते शब्द, म्हणून संस्थेचं नाव दिलं होतं, तिथे 'पुण्यातील उत्तम गुंतवणूक सल्लागार' असं घातलेलं.

लिंकला 'स्पॉन्सर्ड' टॅगही नव्हता, म्हणजे ती पैसे देऊन घेतलीय हे गूगलला सांगणारी कोडमधली खूण. फोन केला तर उत्तर आलं, "तुम्हाला डू-फॉलो दिलंय, तुमचा फायदाच आहे." डू-फॉलो म्हणजे अशी खूण नसलेली, गूगल साइटच्या बाजूने मोजतं ती लिंक. हा फायदा नाही. विकत घेतलेल्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' (ही लिंक मोजू नका, अशी खूण) लावावंच लागतं. नाही लावलं तर गूगलच्या लेखी ते लिंक स्पॅम, आणि सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) येऊ शकते. पैशांच्या विषयावरच्या साइटला तो डाग परवडत नाही.

मग जाहिरात विभाग संपादकीयकडे बोट दाखवी, संपादकीय वेब टीमकडे, आणि वेब टीम म्हणे, कॅश, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत, साफ होऊ द्या. तिसऱ्या आठवड्यात पानावरचं शीर्षक बदललं. तरी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की खालच्या चौकटीत 'आघाडीच्या' दिसतच होतं! कारण लेखाचं शीर्षक, टायटल टॅग (ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं शीर्षक) आणि शेअर करताना दिसणारं ओजी टायटल हे त्यांच्या सिस्टिममध्ये तीन वेगळे रकाने होते, आणि बदलला होता फक्त पहिला. तिन्ही रकान्यांचे स्क्रीनशॉट लाल चौकट आखून पाठवले, तेव्हा कुठे काम हललं.

म्हणून पान नुसतं वाचून सोडू नका. कंट्रोल-यू दाबून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडा आणि टायटल, ओजी टायटल, अँकर, टॅग हे चारही मंजूर प्रतीशी ताडून पाहा. मोबाइलवरचं पान वेगळं बनत असेल तर तेही. त्याच दिवशी पानाची तारखेसह पीडीएफ काढा. जाहिरातीची प्रत पाच वर्षं जपायची असते.

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. आम्ही दिली आणि हातातला जोर गेला. निम्मी रक्कम ही तपासणी झाल्यावर. करारात दोन ओळी हव्यातच: मंजूर मजकुरातला शब्दही लेखी विचारल्याशिवाय बदलायचा नाही, आणि चूक दाखवल्यापासून 24 तासांत दुरुस्ती, नाहीतर पान खाली.

डिसअव्हाव फाइलमध्ये, म्हणजे 'या साइट्सवरच्या लिंक्स मोजू नका' असं गूगलला कळवणाऱ्या यादीत, त्या पोर्टलचं डोमेन टाकून मोकळे व्हा, असं काही जण सुचवतात. त्याने फार तर गूगलपुरतं निभावतं. संहितेचा भंग पान दिसतंय तोवर चालूच राहतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: लिंक कोणाकडून येते तेही पाहा. ऑगस्ट 2024 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसताना शेअर सुचवणाऱ्यांशी पैशांचा किंवा ग्राहक पाठवण्याचा व्यवहार ठेवता येत नाही. अशांच्या साइटवरची विकत लिंक स्वस्त पडली तरी घेऊ नका.

त्या चार सहज मिळालेल्या लिंक्स आल्या एका कॅलक्युलेटरमुळे. कर्मचाऱ्याचं पीएफ अंशदान वर्षाला 2.5 लाखांवर गेलं की वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं. मालक अंशदान देत नसेल तर ही मर्यादा 5 लाख. हा हिशोब हाताने करताना गोंधळ होतो, म्हणून कंपन्यांच्या एचआर विभागांनी आपणहून आपल्या पानांवर त्याची लिंक दिली. तिथे ना रक्कम, ना टॅगचा वाद. पुढच्या वर्षाचं लेखांचं बजेट आता अशाच दोन कॅलक्युलेटरना दिलंय.