मोरीतून सुरू झालेलं स्नीकर्स धुण्याचं दुकान : आमची वाटचाल

नागपुरात सदरला बाबांची लाँड्री होती. 2018 च्या मे महिन्यात, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना एक पोरगा आला. पिशवीतून पांढरे स्नीकर्स काढून त्याने काउंटरवर ठेवले. बाबांनी ते लगेच उचलून खाली ठेवले. "आपण कपडे धुतो, जोडे नाही." ज्या टेबलावर लोकांच्या शर्टांना इस्त्री होते तिथे जोडा ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त. मला ती आजही बरोबर वाटते. पण पोरगा हलेना. रविवारी त्याची ब्रेकिंगची, म्हणजे हिप-हॉपमधल्या ब्रेकडान्सची, स्पर्धा होती. "ताई, दुसरा जोड नाही माह्याकडे. मळका घालून सर्कलमध्ये कसा उतरू?"

मी तो जोड मागच्या मोरीत नेला आणि जुन्या टूथब्रशने तासभर घासला. संध्याकाळी न्यायला आला तेव्हा ब्रश पाहून तो खूश झाला. न्यूयॉर्कचे जुने ब्रेकर खिशात टूथब्रश ठेवूनच फिरायचे, जोड्यावर डाग पडला की तिथेच पुसायचे, असं त्याने सांगितलं. मी पन्नास रुपये घेतले. पुढच्या आठवड्यात त्याचे चार दोस्त आपापले जोड घेऊन हजर झाले.

तोवर हिप-हॉप म्हणजे मोठ्या आवाजातलं गाणं, एवढंच मला माहीत होतं. मग मी वाचायला लागले. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या 1520 सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत जी पार्टी झाली, तिथून हिप-हॉपची सुरुवात धरतात. रेकॉर्ड लावणारा डीजे कूल हर्क. पार्टी ठेवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. कशासाठी, तर शाळा उघडताना नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे नव्हते. मुलींना पंचवीस सेंट तिकीट, मुलांना पन्नास. लाँड्रीवाल्याच्या मुलीला ही गोष्ट जितकी जवळची वाटली तितकी क्वचितच कुठली वाटली असेल. माझं निम्मं बालपण जूनच्या पहिल्या आठवड्यात लोकांच्या पोरांचे युनिफॉर्म मोजण्यात गेलं आहे.

पुढे 1986 मध्ये रन-डीएमसी या रॅप ग्रुपने त्यांच्या अडिडासच्या जोड्यांवर अख्खं गाणं केलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या स्टेडियममध्ये त्यांनी लोकांना जोडे वर धरायला सांगितलं आणि हजारो हात जोड्यांसकट वर गेले. कंपनीची माणसं तिथे होती. त्यानंतर खेळाडू नसलेल्या या गायकांशी कंपनीने करार केला. अडिडासचा सुपरस्टार हा जोडा मूळचा बास्केटबॉलचा, 1969 चा. त्याला मैदानातून गल्लीबोळात आणलं ते या पोरांनी. पण मला सगळ्यात जास्त आवडते ती एअर फोर्स वनची हकिगत. 1982 ला निघालेला हा जोडा नाइकी दोनच वर्षांत बंद करणार होती. बाल्टिमोरच्या तीन दुकानदारांनी आग्रह धरून तो परत मागवला, नवनव्या रंगांत विकला आणि जोडा जगला. गिऱ्हाइकाला काय हवं ते गल्ल्यावर बसणाऱ्याला कंपनीच्या आधी कळतं, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा या धंद्याविषयी हसून बोलले.

घरचे मात्र सहज तयार झाले नव्हते. कपड्यांच्या घरात जोड्यांचं काम कशाला, असं नातेवाइकांनी तोंडावर विचारलं. जोड्याला हात लावणाऱ्याकडे आपला समाज कसा बघत आला आहे, ते त्या प्रश्नात दडलेलं होतं. मला त्याचं उत्तर उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्याच्या गिऱ्हाइकांनी दिलं. आमच्याकडे येणारी निम्मी पोरं त्याच भागातली आहेत. मराठीत रॅप लिहितात, बाबासाहेबांवर लिहितात. 14 एप्रिलच्या आधी पांढऱ्या जोड्याला निळी नाडी, टाचेला निळा रंग, अशी कामं येतात. बाबासाहेबांचा सूट आणि पायातले बूट काय सांगत होते, हे तिथल्या शाळकरी पोराला समजावून सांगावं लागत नाही. ब्रॉन्क्सची पोरं हातात पैसा नसताना जोडा का चकाचक ठेवत होती, तेही मग त्याला आपोआप कळतं. आमच्याकडे येणारा सगळ्यात व्यवस्थित जोड बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असतो.

2019 मध्ये धरमपेठेत एक तळघराचा गाळा भाड्याने घेतला आणि पहिल्याच वर्षी मोठी चूक केली. एका संग्राहकाने नऊ वर्षं डब्यात ठेवलेला, एकदाही न घातलेला जोड आणला. संग्राहकांच्या भाषेत डेडस्टॉक. फक्त धूळ पुसायची होती. मी सोल दाबला आणि तो शिळ्या बिस्किटासारखा हातात चुरला. भरपाईचे पैसे मी चार हप्त्यांत दिले. नंतर समजलं की अनेक स्नीकर्सचा मधला सोल पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. हवेतला ओलावा त्यात शिरून त्याचे रासायनिक बंध तोडत जातो, आणि डब्यात बंद असतानाही हे थांबत नाही. नागपुरात चार महिने दमट हवा आणि वर उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश. तापलेल्या बंद कपाटात गोंदही सुटतो. तेव्हापासून जोड हातात घेण्याआधी आम्ही सोल अंगठ्याने दाबून बघतो आणि गिऱ्हाइकासमोर लिहून घेतो. रबरी कपसोलचा, म्हणजे वाटीसारख्या रबरी सोलचा, हा त्रास नसतो. 1985 च्या पहिल्या एअर जॉर्डनचा सोल तसाच होता, म्हणून त्यातले काही जोड आजही पायात घालता येतात.

संग्राहकांना मी एकच गोष्ट कळकळीने सांगते: घाला. महिन्यातून एकदा फुटाळा तलावावर चक्कर मारण्यापुरते तरी घाला. डब्यात जपलेल्यांपेक्षा पायात असलेले जोड जास्त टिकलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. विकत घेऊन कधीच न घालणं मला पटत नाही. हा जोडा जिथून नावारूपाला आला तिथे तो नाचण्यासाठी घातला जात होता.

त्या चुरलेल्या सोलनेच आम्हाला काका दिले. बर्डीच्या बाजारात फुटपाथवर तीस वर्षं बसणारे चर्मकार. मी तो जोड घेऊन पाच-सहा जणांकडे फिरले, उलटून-पालटून नीट बघितला तो फक्त त्यांनी. "हा शिवलाच नाही पोरी, नुसता चिपकवला हाये. याले सोल दुसरा लागन." दुसऱ्या जोड्याचा सोल काढून त्यांनी तो बसवला. जुना गोंद रापीने, म्हणजे चामडं कापायच्या पात्याने, खरवडला, सोल्यूशनचे म्हणजे नव्या गोंदाचे दोन हात दिले, वाळायला थांबले, गरम करून पायाच्या आकाराच्या फर्म्यावर दाबला. कडेने आरीने, म्हणजे चामडं शिवायच्या टोच्याने, टाके घातले ते आजतागायत सुटलेले नाहीत. मी त्यांना पगारावर नको, भागीदारीत या म्हणाले. त्यांनी पंधरा दिवस विचार केला. फुटपाथवरची जागा सोडणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. आज पाटीवर त्यांचं नाव आधी आहे, माझं नंतर.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी रस्त्यावर. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तळघरात कमरेइतकं पाणी होतं आणि लोकांचे 63 जोड त्यात तरंगत होते. मी पायरीवर बसून रडले. काकांनी पँट दुमडली आणि आत उतरले.

चिखल वाळला की कातडं आकसतं, स्वेडचे, म्हणजे मखमलीसारख्या कातड्याचे, केस बसून जातात, म्हणून वेळ थोडा होता. बाबा सदरहून लाँड्रीची टपं घेऊन आले. ज्या माणसाने जोडा काउंटरवर ठेवू दिला नव्हता, त्याने दोन दिवस जोडे विसळले. उन्हात वाळवता येत नव्हतं, कडक उन्हाने गोंद जातो. मग शेजाऱ्यांचे कूलर मागून आणले, जाळ्या काढल्या, पाणी न भरता नुसती हवा सोडली आणि प्रत्येक जोड्यात कोरड्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, दर तीन तासांनी बदलले. पहिला पोरगा, तो ब्रेकिंगवाला, पाच जणांना घेऊन आला आणि रात्रभर बोळे बदलत बसला. 63 पैकी 52 जोड परत देता आले. बाकीच्यांचे पैसे देतो म्हटल्यावर तिघांनी घेतले, आठ जणांनी नाही घेतले. त्या आठ जणांची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहेत.

आता गाळा वरच्या मजल्यावर आहे. अमरावती, वर्धा, चंद्रपूरहून ट्रॅव्हल्सने पार्सल येतात. कॉपी असलेला जोडही आम्ही तितक्याच मनाने धुतो. तो खरा म्हणून विकायला मदत मात्र करत नाही, आणि यावरून काही गिऱ्हाइकं गेली आहेत.

काकांची नजर हल्ली संध्याकाळी साथ देत नाही. टाक्याचं काम सकाळी उजेडातच होतं. आरी धरायला शिकणारं कुणीतरी हवं आहे, मुलगा असो की मुलगी. पहिल्या महिन्यापासून पगार मिळेल. मंगळवारी दुकान बंद असतं, पण काका सकाळी दहाला येतात. तेव्हा या.